भिंतीकडे तोंड केलेला संत

एका मोठ्या संताला, ज्याच्या नावाची प्रार्थनामंदिरं सातासमुद्रापलीकडे उभी आहेत, शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं करायची हिंमत असलेली एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती बाई किनवटच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात रोज दोनशे भाकऱ्या थापत असे. आम्ही साठ मुली त्यांना मावशी म्हणायचो. वसतिगृह चालवणाऱ्या सिस्टर मावशी म्हणायच्या, भाजीची हातगाडी घेऊन येणारे चाचा मावशी म्हणायचे, आणि मला आठवीत तिथे सोडायला आलेले माझे वडीलही, वयाने मावशींच्या जवळपास असून, पाच मिनिटांत मावशीच म्हणायला लागले. त्यांचं खरं नाव पगाराच्या वहीत असेल. पाच वर्षांत मला कधी त्याची गरज पडली नाही.

अण्णा मला सोडायला आले ते जरा बिचकतच आले होते. आमचं गाव हिमायतनगरच्या अलीकडे, घरात खंडोबा आणि गावात मारुती. सिस्टरांचं वसतिगृह म्हटल्यावर भावकीतल्या लोकांनी त्यांच्या मनात नाही नाही ते भरवून दिलं होतं. सिस्टरांना विचारायचा धीर झाला नाही म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मावशींना विचारलं, "इथं पोरींना धर्मबिर्म काय शिकवायलेत का?" मावशींनी काटवटीतून हात न काढता त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "मला दिवसाला दोनशे भाकरी थापायच्या असत्यात. तुमच्या पोरीचा देव बदलायला टाइम कुटून आणू?" अण्णा हसले, पिशवी खाली ठेवली आणि त्यांना मिळालेली गरम भाकरी तिथेच उकिडवं बसून खाऊन गेले. माझ्या शिक्षणाचा निर्णय झाला तो त्या भाकरीवर, असं मला आजही वाटतं.

मावशी मूळच्या उदगीरकडच्या. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या माहेरी दोन पिढ्यांपासून सगळे कॅथलिक होते, पण त्या स्वतःला फार धार्मिक समजत नसत. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायच्या, जपमाळ करायच्या, पण त्यात मन कमी आणि चुलीवरच्या डाळीकडे लक्ष जास्त. त्यांची खरी भक्ती, खरं भांडण, खरा संसार म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवर उभी असलेली संत अंतोनींची मूर्ती. दीड-दोन फुटांची, प्लास्टरची, आतून पोकळ. तपकिरी झगा, कमरेला दोरी, डोक्याचा मधला भाग भादरलेला, एका हातावर बाळ येशू आणि दुसऱ्या हातात लिलीचं फूल. फूल कधीचंच मोडलं होतं. त्या मोकळ्या मुठीत मावशी दर मंगळवारी, म्हणजे संत अंतोनींच्या वारी, कढीपत्त्याची ताजी डहाळी खोचायच्या. सिस्टर एकदा म्हणाल्या की तिथे एखादं पांढरं फूल बरं दिसेल. मावशी म्हणाल्या, "फुलाचं काय करायचंय त्याला. स्वयंपाकघरात राहायलाय, कढीपत्ता बरा." ऐन फोडणीच्या वेळी घरातला कढीपत्ता संपला तर त्या हात वर करून संताच्या मुठीतली चार पानं तोडून घेत आणि म्हणत, "दे बा जरा, उद्या नवा लावते." थंडीत किनवटला जंगलाकडून फार बोचरं वारं येतं. दिवाळीनंतर संताच्या गळ्यात जुन्या स्वेटरच्या लोकरीचा एक लाल मफलर दिसायला लागायचा, तो शिमग्यालाच निघायचा.

या संताचं चरित्र मी कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी मावशींच्या तोंडून शंभरदा ऐकलं, आणि ते त्या अशा थाटात सांगत की तो जणू किनवटच्या स्टेशनावर उतरून सरळ आमच्या स्वयंपाकघरात आला असावा. पोर्तुगाल देशात समुद्राकाठी मोठं शहर, तिथल्या खात्यापित्या घरातला हा मुलगा. नाव वेगळंच होतं, साधू झाल्यावर बदललं. त्याला वाटलं, आपण दूर देशी जावं, देवाचं नाव सांगावं आणि तिथेच मरण आलं तरी चालेल. गेला, तर तिथे उतरताच तापाने फणफणला. परत निघाला, तर वाऱ्याने जहाज भलत्याच देशाला नेऊन लावलं. "मानसानं ठरवलं परभनीला जायचं आन् गाडीनं उतरवलं आदिलाबादला, तसं झालं त्येचं," मावशी म्हणायच्या. त्या परक्या मुलखात एका लहानशा मठात त्याला कुणी ओळखेना. एवढा शिकलेला माणूस, पण कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याला स्वयंपाकघरात भांडी घासायला लावलं. इथे मावशींचा आवाज बदलायचा. मग एक दिवस मोठा समारंभ होता, प्रवचनाला कुणी तयार नव्हतं. वरिष्ठांनी या भांडेवाल्याला म्हटलं, बोल बाबा तुला येईल ते. तो उभा राहिला, बोलायला लागला आणि सगळे थक्क झाले. "भांडे घासनाऱ्याला काय येतं ते घासताना कळत नसतंय," मावशी म्हणत आणि आमच्यापैकी जिची पाळी असेल तिच्या पुढ्यात राखेचं टोपलं सरकवत. "घास माय. तुझाबी नंबर येतोय."

त्या चरित्रातल्या प्रत्येक प्रसंगाचा मावशींनी घरगुती उपयोग करून ठेवला होता. एका गावातले लोक ऐकेनात म्हणून संत अंतोनी नदीवर गेले आणि त्यांनी माशांना उपदेश केला, मासे पाण्याबाहेर डोकी काढून ऐकत राहिले, अशी कथा आहे. आम्ही जेवताना फार कलकल करून मावशींचं बोलणं उडवून लावलं की त्या एक शब्द न बोलता मागच्या दारी जायच्या आणि सिस्टरांच्या कोंबड्यांना मोठ्याने सांगायच्या, "बायांनो, ताटात अन्न टाकू नये. शेतकऱ्यानं पिकवलेलं असतंय." कोंबड्या खरोखर माना वाकड्या करून ऐकायच्या. आत आम्ही साठजणी गप्प बसून ताट पुसायचो. संत गेल्यावर कितीतरी वर्षांनी शवपेटी उघडली तर त्यांची जीभ जशीच्या तशी होती, हेही त्या सांगत, आणि ज्या मुलीवर चोरून गूळ खाल्ल्याचा संशय असेल तिला म्हणत, "दाखव बरं तुझी जीभ. टिकंल का ही?"

पण मावशींच्या लेखी या संताचं मुख्य काम एकच होतं. हरवलेलं शोधून देणं. मठातला एक तरुण शिकाऊ साधू त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन पळाला होता. संतांनी नुसती प्रार्थना केली आणि तो पोरगा पुस्तक घेऊन धावत परत आला. तेव्हापासून जगभरचे कॅथलिक लोक काही हरवलं की संत अंतोनींना सांगतात. मावशी सांगत नसत, हुकूम करत. आणि हुकूम पाळला गेला नाही तर शिक्षेच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी कढीपत्ता काढून घेतला जायचा. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाकायचं फडकं संताच्या डोक्यावर पडायचं. आणि तिसऱ्या दिवशी मावशी मूर्तीला फळीवरच्या फळीवर फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. ही शिक्षा म्हणजे कडेलोट. ती सहसा लागत नसे, कारण मावशींचा चष्मा त्यांच्याच डोक्यावर आणि अडकित्ता त्यांच्याच कनवटीला फार तर दीड दिवसात सापडायचा.

सिस्टर केरळच्या. पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायच्या. त्यांना हे अजिबात पटायचं नाही. "मावशी, संतांना आपण शिक्षा करायची नसते. संतांना विनंती करायची असते," त्या म्हणायच्या. मावशी म्हणायच्या, "सिस्टर, तुमचा त्यो संत हाय. माझं घरचं मानूस हाय." चाचांना मात्र मावशींची पद्धत पूर्ण मान्य होती. त्यांची शेळी एकदा दोन दिवस घरी आली नाही, तेव्हा ते हातगाडी दारात लावून म्हणाले, "मावशी, तुम्हारे बाबा को जरा बोलो ना. बकरी नै मिल रई." मावशींनी फळीकडे पाहून नुसतं "ऐकलास का" म्हटलं. शेळी संध्याकाळी आमच्याच वसतिगृहाच्या मागे, सिस्टरांनी हौसेने लावलेल्या टोमॅटोच्या वाफ्यात सापडली. टोमॅटोचं एक रोप शिल्लक नव्हतं. सिस्टर त्या वाफ्याकडे पाहून म्हणाल्या, "संतांनी थोडी घाई करायला हवी होती."

हे सगळं मी आज हसत सांगते आहे. एका आठवड्यात मात्र हसायची वेळ नव्हती.

बारावी झाली. मला शेतीचं शिक्षण घ्यायचं होतं, पदवीचं. आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या कागदांना घरात देव्हाऱ्याइतका मान होता. त्यातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी अण्णांनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. आजोबांच्या शाळेच्या नोंदीशिवाय ते मिळत नव्हतं, आणि आजोबांची शाळा निजामाच्या काळातली, नोंदवही उर्दूत. त्या पानाची नक्कल हातात आली तेव्हा तिच्यात आजोबा कुठे आहेत हे आम्हा कुणालाच कळेना. मावशींनी ती नक्कल आमच्या स्वयंपाकघरात चाचांपुढे धरली. चाचांनी हात पुसले, चष्मा लावला, बोट एकेका ओळीवरून नेलं आणि एका जागी थांबवलं. "ये रहे तुमारे दादा," ते मला म्हणाले. अण्णा त्या वळणदार अक्षरांवर वाकून बराच वेळ पाहत राहिले. आपल्या बापाचं नाव आपल्याला वाचता येत नाही, पण ते आहे, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पुढे सरकारी भाषांतर, शिक्के, हेलपाटे हे सगळं झालं आणि प्रमाणपत्र आलं.

मेच्या अखेरीला प्रवेशाचा फॉर्म सिस्टरांनी वसतिगृहाच्या कॉम्प्युटरवर भरून दिला. काम झाल्यावर अण्णांनी मूळ कागदांची निळी प्लास्टिकची फाइल मावशींच्या हातात दिली. आमच्या घरी गळतं, उंदीर आहेत, धाकटी भावंडं आहेत. "तुमच्यापाशीच राहू द्या मावशी," अण्णा म्हणाले. "नंबर लागला की न्यायला येतो." मावशींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि आपल्या लोखंडी पेटीत, मिस्सेला नेसायच्या पातळाखाली ठेवली. मी समोर उभी होते.

नंबर लागला. लातूरच्या कॉलेजात. निरोप आला सोमवारी, आणि त्यात लिहिलं होतं की शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. मंगळवारी सकाळच्या गाडीने अण्णा आणि मी किनवटला आलो. अण्णांनी मावशींसाठी पेढ्यांचा पुडा आणला होता. मावशींनी पेढा तोंडात टाकला, पेटी उघडली, पातळ उचललं आणि तशाच राहिल्या. पातळाखाली काही नव्हतं.

पेटी रिकामी केली. मग मावशींची खोली. मग पिठाचे डबे, तांदळाची कोठी, सरपणाची खोली, सिस्टरांचं ऑफिस. मावशी जिथे हात घालत तिथून दहा वर्षांपूर्वी हरवलेल्या वस्तू निघत होत्या. कुणाची कात्री, कुणाची एक चप्पल, सिस्टरांच्या आधीच्या सिस्टरांचा पेन. निळी फाइल निघत नव्हती. दुपारी मावशी स्वयंपाकघरात आल्या. मंगळवार होता, त्यामुळे सकाळीच खोचलेली ताजी डहाळी संताच्या मुठीत होती. मावशींनी ती काढली. फडकं वगैरे काही घेतलं नाही, मधली पायरी सोडली, आणि दोन्ही खांद्यांना धरून संताला सरळ भिंतीकडे वळवलं. "पोरीचे कागद येईस्तोवर मला तोंड दाखवू नको," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजचा नव्हता. आम्ही कुणी हसलो नाही.

बुधवार गेला. चाचांनी किनवटमधल्या रद्दीच्या दुकानांत जाऊन गठ्ठे उपसले. सिस्टर कॉलेजला फोन लावत राहिल्या, पलीकडून एकच उत्तर येत होतं की मूळ प्रत लागेल. मावशींनी त्या दोन दिवसांत तोंडात घास घातला नाही. आमच्यापैकी एखादीने अर्धी भाकरी ठेवली तर तिला ओरडणाऱ्या मावशी. अण्णा व्हरांड्यात बसून होते. बुधवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, "पुढल्या साली बघू मग." एवढंच म्हणाले. पण ते पुढच्या वर्षाचं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. घरी आणखी एक वर्ष थांबवलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, अण्णांनाही. भावकीला थोपवून धरायला त्यांच्याजवळ एक माझा नंबर होता, आणि तो दोन दिवसांत दुसऱ्या कुणाचा होणार होता.

गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. पाळी माझी नव्हती, आता मी वसतिगृहाची मुलगीही नव्हते, पण नुसतं बसवत नव्हतं म्हणून मी रात्रीचं पातेलं घासायला घेतलं. घासता घासता फळीकडे पाहिलं. पाच वर्षांत मी त्या संताची पाठ कधी नीट पाहिली नव्हती. पाठीला रंगच नव्हता. पुढचा तपकिरी झगा खांद्यावर आला की संपत होता, आणि मागे सगळं पांढरं, खडबडीत प्लास्टर. बनवणाऱ्याला वाटलं असेल, पाठ कोण बघणार आहे. त्या पांढऱ्या पाठीवर धूर बसून ती चुलीमागच्या भिंतीसारखी झाली होती. मला एकदम फार वाईट वाटलं. कागदांचं नव्हे, त्याचं. परक्या मुलखात जहाज लागलेला, भांडी घासणारा माणूस, त्याला आपण आणखी भिंतीकडे उभं केलं.

"मावशी," मी म्हटलं, "त्याला वळवा आता. आम्ही दुपारच्या गाडीनं गावाला जातो."

मावशी काटवटीपाशी बसल्या होत्या. "कागद मिळाल्याबिगर न्हाई."

"मग मी वळवते."

"हात लावू नको."

पाच वर्षांत मावशींचं मी मोडलेलं ते पहिलं सांगणं. राखेचे हात धुऊन मी स्टुलावर चढले. मावशी मूर्ती नेहमी जागच्या जागी फिरवायच्या, तिला उचलायच्या वर्षातून एकदाच, जूनमध्ये संतांच्या सणाला, आंघोळ घालायला. मला तिची पाठ पुसायची होती, म्हणून मी दोन्ही हात तळाशी घालून ती उचलली. तळातून चिंधीचा एक बोळा निसटून मावशींच्या काटवटीत पिठावर पडला. त्याच्यामागून काहीतरी घरंगळत अर्धं बाहेर आलं आणि माझ्या मनगटाला टेकलं. निळं होतं. गुंडाळी करून सुतळीने बांधलेलं होतं.

मी स्टुलावर तशीच उभी. मावशींनी पिठातला बोळा पाहिला, वर पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळा तो दिवस परत आला. सणाचा दिवस. गोरगरिबांना वाटायला तीनशे पोळ्या करायच्या होत्या, संताला आंघोळ घालायची होती. त्याच्या फळीवरचं चांगलं कापड काढायला पेटी उघडली तर तिच्या गंजलेल्या तळाच्या भोकातून शिरून उंदरांनी कापडाचा कोपरा कुरतडलेला. फाइल त्याच्या बाजूलाच. समोर उलटी ठेवलेली ओली मूर्ती, तिचं रिकामं, कोरडं पोट. यापेक्षा चांगली जागा ती कुठली. मावशींनी फाइल गुंडाळली, आत सारली, बोळा बसवला, आणि दारात तोवर कुणीतरी पोळ्यांसाठी हाक मारली.

हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा त्या उठल्या, माझ्या हातातली मूर्ती घेतली, तिचं तोंड आपल्याकडे केलं आणि तिला म्हणाल्या,

"बोलला कामून न्हाईस?"

दारात सिस्टर आल्या होत्या, त्यांच्यामागे अण्णा. मावशी संतालाच विचारत होत्या. "पोटात धरून भिंतीकडं उभा हायस तीन दिस. मी तुलाच शिक्षा करून राहिले. एक शबुद बोलावं न्हाई का रे मानसानं?" आणि मग त्या खाली बसल्या, मूर्ती मांडीवर घेऊन, आणि पदराने तिची पाठ पुसत हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अण्णांनी माझ्या हातातली गुंडाळी घेतली, सुतळी सोडली, एकेक कागद उलटून पाहिला आणि भिंतीला पाठ टेकून मोठा श्वास सोडला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "आता तरी जेवा मावशी." मावशी म्हणाल्या, "आधी पोरीला वाढा. लातूर लांब हाय."

दुपारच्या गाडीने नांदेड, मुक्काम स्टँडवर, पहाटेची एसटी, लोहा, अहमदपूर, चाकूर. शुक्रवारी अकरा वाजता मी लातूरच्या कॉलेजात खिडकीपुढे उभी होते. कारकुनाने कागद पुढ्यात घेतले तर ते सरळ होईनात. एक टोक दाबलं की दुसरं उठायचं, सोडलं की सगळी गुंडाळी. शेवटी त्यांनी एका बाजूला स्टेपलर आणि दुसऱ्या बाजूला चहाचा कप ठेवून वैधता प्रमाणपत्र वाचलं. मग नाकाजवळ नेलं. "कुठं ठेवले होते हे? फोडणीचा वास येतोय." मी म्हटलं, "एका ओळखीच्यांकडे होते." त्यांनी शिक्का मारला. माझ्या मागे उभ्या असलेल्या अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मी पदवी घेतली, आणि आता लातूरला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. ओळीने मांडलेल्या शंभर दाण्यांतले किती उगवतात ते बघायचं, असं माझं काम आहे.

त्या दिवसानंतर मावशींनी संताला पुन्हा कधी शिक्षा केली नाही, हे मला नंतरच्या मुलींकडून कळत राहिलं. पण शिक्षेची सवय एकदम कशी सुटणार. काही हरवलं की मावशी आता स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. सिस्टरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "चूक बहुतेक माझीच निघतीय. येळ कामून घालवायचा?" सिस्टरांनी हेही बरोबर नसल्याचं सांगून पाहिलं म्हणे. पण सांगताना त्या हसत होत्या.

वय झाल्यावर मावशी अहमदपूरला भाचीकडे राहायला गेल्या, मूर्ती बरोबर घेऊन. लातूरहून गावाकडे जाताना मी अहमदपूरला उतरते आणि पुढची गाडी धरते. मागच्या खेपेला गेले तर दार उघडंच होतं. भाची बाजारात गेली होती. आत खिडकीशेजारच्या फळीवर संत अंतोनी नीट तोंड करून उभे, मुठीत कढीपत्ता, गळ्यात लाल मफलर. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, प्लास्टिकच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून मावशी.

"मावशी," मी म्हटलं, "काय हरवलं?"

त्यांनी मान हलवली नाही. "त्येच आठवंना झालंय," त्या म्हणाल्या. "सकाळपसनं बसलेय. काय हरवलं त्येच ध्यानात न्हाई माय."

मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांच्या पातळाचा रंग पाठीवर पार विटला होता. भांडी घासताना त्या मूर्तीकडे पाहून जे वाटलं होतं तेच मला पुन्हा वाटलं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि त्यांना खुर्चीसकट हळूच फिरवलं. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की मला जोर लावावा लागला नाही.

उजेडात आल्यावर त्यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांना सापडत नव्हतं, ते मला दिसत होतं, आणि मी ते सांगितलं नाही. पाच वर्षं त्यांचं नाव मला तरी कुठे लागलं होतं.

"निळी फाइल," त्या म्हणाल्या.

"हो मावशी. निळी फाइल."

त्यांनी फळीकडे वळून संताला एकदा मान हलवून कळवलं, मिळालं बघ, म्हणावं तसं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "जेवलीस का?"

मी जेवून निघाले होते. पण त्यांनी डबा उघडला आणि कालची अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती त्यांच्या समोर खाली बसून पूर्ण खाल्ली. ते प्रमाणपत्र आज माझ्या कपाटात, जड पुस्तकांखाली आहे. इतकी वर्षं दाबून ठेवलं तरी बाहेर काढलं की ते हळूहळू वळतं आणि गोल होऊन बसतं. मी आता ते सरळ करायच्या नादाला लागत नाही.